रार्क शिकायचं तर : आर्नहेम लँडची सालीवरची चित्रं

पाणथळ (धागाकर्ती)

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, आर्नहेम लँडमध्ये, झाडाच्या सालीवर मातीच्या रंगांनी चित्रं काढतात. मासे, कांगारू, सर्प, आणि त्यांच्या अंगभर बारीक रेघांचं काम. या रेघकामाला तिकडे रार्क म्हणतात. जुलैत मेलबर्नहून तिथल्या गुनबलान्या या गावी जाऊन तिथल्या कलाकारांच्या हाताखाली हे शिकायचा बेत आहे. हाताशी एक आठवडा आहे. वारलीचा सराव आहे, त्यामुळे बारीक रेघ अगदीच परकी नाही.

साल, रंग, कुंचला यांची तयारी नेमकी कशी करतात? आठवड्याभरात काय पदरात पडेल? आणि बाहेरच्या माणसाने काय काढावं, काय काढू नये? माहितगारांनी तपशिलात लिहावं. लांबलं तरी चालेल.

गेरूचा_हात

सालीपासून सुरुवात करतो, कारण जुलैत जाणाऱ्याला नेमका हाच भाग बघायला मिळत नाही.

साल एकाच झाडाची चालते : स्ट्रिंगीबार्क, म्हणजे युकॅलिप्टसची एक जात (शास्त्रीय नाव युकॅलिप्टस टेट्रोडोन्टा). ती काढायची पावसाळ्यात, साधारण डिसेंबर ते एप्रिल. त्या दिवसांत खोडात रस चढलेला असतो, त्यामुळे साल लाकडापासून सुटी होते. कोरड्या ऋतूत तीच साल लाकडाला घट्ट धरून बसते आणि ओढली की तुकडे पडतात. खोड सरळ, गाठी आणि फांद्यांच्या खुणा नसलेलं बघतात, कुऱ्हाडीने थोडा भाग सोलून साल सुटते का ते तपासतात. मग वर एक आणि खाली एक अशा खोडाभोवती दोन गोल चिरा, त्यांना जोडणारी एक उभी चीर, आणि त्या चिरेतून कुऱ्हाडीचं पातं किंवा टोकदार काठी सारत सारत अख्खा पत्रा सोडवायचा. चित्राची रुंदी खोडाच्या घेराएवढीच मिळते.

हाती येतं ते ओलं, गुंडाळलेलं नळकांडं. बाहेरची तंतुमय, खडबडीत साल तासून काढतात. मग पत्रा विस्तवावर धरतात. शेकल्यावर ओल निघते, साल नरम होते आणि उलगडते. आतली गुळगुळीत बाजू करपू द्यायची नाही, चित्र त्याच बाजूवर येणार असतं. गरम असतानाच पत्रा सपाट जमिनीवर पसरून वर दगड, वाळू, विटा, जे मिळेल ते वजन ठेवतात. काही दिवस ते काही आठवडे ती तशीच राहते. इथे घाई केली की पुढे चित्र पूर्ण झाल्यावर साल पुन्हा गोल व्हायला बघते.

वाळल्यावर आतली बाजू घासून गुळगुळीत करतात. पूर्वी त्यासाठी खरखरीत पानं होती, आता सँडपेपर वापरतात. तंतूंचे बारीक कोंब उरले तर कुंचल्याचे केस त्यात अडकतात आणि रेघ फुटते, म्हणून हे घासकाम हलक्यात घेऊ नका. डिंकाचे काळपट डाग असलेली जागा टाळावी. डिंक रंगातून वर येतो.

रेघोटी

वरच्या प्रतिसादाला जोडून : जुलैत तुम्हाला तयार साल किंवा कागद मिळेल. त्यात कमीपणा मानू नका. गुनबलान्याच्या इंजालाक कला केंद्रातले कलाकार जाड हातकागदावर आणि सुती जलरंग-कागदावर मातीच्या रंगांनी कित्येक वर्षं काम करत आहेत. हे केंद्र १९८९ साली सुरू झालं. शिकणाऱ्यासाठी कागद जास्त बरा, कारण साल कमी असते आणि पहिल्या आठवड्यातल्या रेघांवर ती खर्ची घालू नये.

कागद दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनापेक्षा पातळ नको. मातीच्या रंगाचा अस्तर-हात ओला असतो, पातळ कागद त्याने फुगतो आणि मग सरळ रेघ वर-खाली होते. कागद आधी चिकटपट्टीने फळीवर चारही बाजूंनी ताणून घ्या.

लाल_माती

रंग चार : लाल, पिवळा, पांढरा, काळा.

लाल आणि पिवळा म्हणजे लोहयुक्त माती, आपल्याकडचा गेरू आणि पिवळी माती. गुनबलान्याकडच्या कुनविंज्कु भाषेत पिवळ्याला कार्लबा म्हणतात. पिवळा खडा विस्तवात भाजला की लाल होतो, कारण त्यातलं पाणी उडून गोएथाइटचं हेमटाइट होतं. लाल कमी पडला तर असा करून घेता येतो. काळा कोळशापासून किंवा मँगनीजच्या खनिजापासून. पांढरा सर्वांत मोलाचा. पश्चिम आर्नहेम लँडमध्ये त्याला डेलेक म्हणतात. तिथला पांढरा बहुधा हंटाइट नावाचं मॅग्नेशियमयुक्त खनिज असतं. पूर्वेला, यिर्कालाच्या बाजूला, योल्ङु लोक पांढऱ्या चिकणमातीला गापान म्हणतात.

खडा खरखरीत सपाट दगडावर थोड्या पाण्याबरोबर घासायचा. सहाण आणि चंदनाचं खोड डोळ्यांसमोर आणा, हात तसाच फिरतो. दर वेळी लागेल तेवढंच उगाळायचं. पूड करून डब्यात भरून ठेवण्यापेक्षा हे सोयीचं, कारण दाटपणा प्रत्येक कामाला वेगळा लागतो. अस्तरासाठी पातळ पिठल्याएवढा दाट, रेघेसाठी सायीच्या दुधाएवढा. याहून दाट असला तर रेघ मध्येच तुटते, पातळ झाला तर पसरते आणि वाळल्यावर फिकी पडते.

पांढऱ्याची एक खोड आहे. ओला असताना तो जवळपास पारदर्शक दिसतो, वाळल्यावर उघडतो. नवशिका माणूस रेघ दिसत नाही म्हणून त्यावरच दुसरी ओढतो आणि वाळल्यावर दोन जाड पट्टे उमटतात. रेघ ओढा, पुढे जा, वाळू द्या.

शाईपेन

बंधक काय वापरतात? मातीला नुसतं पाणी लावून ती टिकणार नाही.

लाल_माती

@शाईपेन, पूर्वी रानातल्या ऑर्किडच्या दांड्याचा रस वापरत, म्हणजे डेंड्रोबियम कुळातली एक जात. दांडा ठेचून किंवा चावून सालीवर चोळत, नाहीतर रंगात मिसळत. कासवाच्या अंड्याचा बलकही वापरात होता. आता बहुतेक ठिकाणी लाकूडकामाचा पांढरा गोंद असतो, म्हणजे पीव्हीए. आपल्याकडचं फेविकॉल त्याच जातीचं.

प्रमाण असं धरून चाला : १ भाग गोंद, ४ भाग पाणी, आणि या पाण्यात रंग उगाळायचा. अस्तराला गोंद किंचित जास्त, रेघेला किंचित कमी. गोंद जास्त झाला की चित्र चकाकतं, मातीचा कोरडा, मखमली पोत जातो, शिवाय कुंचल्याचे केस एकमेकांना चिकटतात. कमी झाला तर दुहेरी नुकसान : वाळल्यावर रंग बोटाला लागतो, आणि वरून ओली रेघ ओढताना खालचं अस्तर उकलून रेघेत मिसळतं. पांढरी रेघ गुलाबी दिसू लागली की समजावं, अस्तरात गोंद कमी आहे. त्यावर वरून उपाय नाही, अस्तर नव्याने द्यावं लागतं. म्हणून अस्तर पूर्ण वाळल्यावर अंगठा कोरडा दाबून फिरवा. अंगठा लाल झाला तर तिथेच थांबा.

वाटीतला रंग खाली बसतो. दर दोन-तीन रेघांनी काडीने ढवळा, नाहीतर एकाच माशाच्या शेपटीकडची जाळी गडद आणि डोक्याकडची फिकी होते.

रेघोटी

आता कुंचला. रार्क बाजारू कुंचल्याने जमत नाही असं नव्हे, पण हाताची सवयच वेगळी लागते.

गुनबलान्याकडे मान्यिल्क वापरतात. ही पाणथळ जागेत उगवणारी लव्हाळ्यासारखी वनस्पती. तिच्या दांड्याचं टोक नखाने किंवा पात्याने सोलत सोलत काही मोजके लांब तंतू शिल्लक ठेवायचे. यिर्कालाकडे मार्वात असतो. माणसाचे सरळ केस, थोडेच, काडीला दोऱ्याने बांधलेले. दोन्हींत तत्त्व एकच : केस लांब, संख्येने कमी, आणि लवचीक.

अशा कुंचल्याने टोकाने लिहिल्यासारखं काढायचं नसतं. तंतू पूर्ण लांबीभर रंगात भिजवा, दगडाच्या कडेला दोन्ही बाजूंनी निथळवा, मग जवळजवळ अख्खी लांबी पृष्ठभागावर टेकवा आणि एका ओढीत खेचा. केस स्वतःच्या मागे सरळ येतात आणि रेघ सरळ ठेवतात. आखूड केसांचा कुंचला हाताची प्रत्येक थरथर कागदावर उतरवतो, लांब केस ती गिळून टाकतात. वारलीतली बांबूची चावलेली काडी तंतूंचाच कुंचला असली तरी ती ताठ असते, तिथे दाब देऊन काढायची सवय असते. ती सवय इथे मोडावी लागेल, हे @पाणथळ यांनी मनाशी धरावं.

दाब शून्य. बोटं हलवायची नाहीत, मनगटही कमी, ओढ कोपरातून येते. कलाकार बहुधा जमिनीवर मांडी घालून बसतात आणि चित्र पुढ्यात आडवं असतं. दिशा बदलायची तर हात वळवत नाहीत, चित्र फिरवतात. टेबलावर उतरत्या फळीला चिकटवलेल्या कागदावर हे करता येत नाही, म्हणून घरी सराव करतानाही जमिनीवर बसा.

घरी मान्यिल्क मिळणार नाही. सिंथेटिक लांब केसांचा शून्य नंबरचा लायनर घ्या आणि बाहेरचे केस कापून जेमतेम तिसरा हिस्सा ठेवा. किंवा स्वतःच्या डोक्याचे १५-२० सरळ केस, ३ ते ४ सेंटिमीटर लांबीचे, काडीला शिवणाच्या दोऱ्याने आवळा आणि गाठीवर गोंदाचा थेंब द्या. कुरळे केस चालत नाहीत.

जाण्याआधी महिनाभर एवढंच करा : गेरूचं अस्तर दिलेला कागद, त्यावर २ सेंटिमीटर रुंद पट्ट्या आखा, आणि प्रत्येक पट्टी आडव्या समांतर रेघांनी भरा. सेंटिमीटरला ६ रेघांपासून सुरू करून १० वर या. रेघ सारखी जाड आणि मधली जागा रेघेएवढीच, हे जमेपर्यंत चित्राकडे वळू नका.

ठिपका_ठिपका

ॲबोरिजिनल चित्रकला म्हटलं की ठिपके आठवतात. ते यात कुठेच येत नाहीत का?

गेरूचा_हात

ठिपक्यांची चित्रं वाळवंटातली, तिथून हजारभर किलोमीटर दक्षिणेला. त्यांचा कॅनव्हासवरचा इतिहासही वेगळा. १९७१ साली ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला पापुन्या वसाहतीत शाळेच्या भिंतीवर मध-मुंगीचं चित्र रंगवलं गेलं, तिथले वडीलधारे पुरुष फळ्यांवर रंगवू लागले, आणि १९७२ साली त्यांनी पापुन्या तुला ही स्वतःची कंपनी काढली. त्याआधी ही चिन्हं वाळूत, जमिनीवरच्या मांडणीत आणि अंगावर काढली जात. ठिपक्यांचा एक उपयोग झाकण्यासाठीही झाला : दीक्षा न घेतलेल्यांनी बघू नये अशा खुणांवर ठिपके चढवले गेले.

साधनंही निराळी. ॲक्रिलिक रंग, लिननचं ताणलेलं कापड, आणि ठिपक्यांसाठी काडीचं सपाट टोक. मातीचे रंग, साल आणि रेघ हे उत्तरेचं. तिथेही ठिपके दिसतात, पण चित्राचा आधार ते नसतात. ऑस्ट्रेलियात अडीचशेच्या आसपास भाषा होत्या, एका शैलीला सगळ्यांची शैली म्हणू नये.

पाणथळ

सगळ्यांचे आभार, सरावाला आजच बसते. रेघांचा क्रम सांगाल का? आधी आकृती की आधी जाळी? आणि जाळी एकेरी की दुहेरी?

रेघोटी

क्रम : पूर्ण पृष्ठभागावर अस्तर, पश्चिम आर्नहेम लँडमध्ये बहुधा एकसंध लाल. ते पूर्ण वाळू द्यायचं. मग आकृतीची सपाट छाया पांढऱ्याने भरायची, पेन्सिलीची आखणी न करता किंवा फारच पुसट. पांढरा भरताना एकाच दाट हातापेक्षा दोन पातळ हात द्या, दाट हाताला वाळताना भेगा जातात. मग आतले भाग पाडायचे : माशाचा कणा, कल्ले, पोटातले अवयव. या प्रदेशातल्या शैलचित्रांत प्राण्यांची आतडी, काळीज, कणा असं आतलं दाखवायची जुनी रीत आहे, ती सालीवर आली. त्यानंतर प्रत्येक भागात रार्क, आणि सगळ्यात शेवटी बाहेरची रेषा. बाहेरची रेषा शेवटी का, तर रार्कच्या रेघांची टोकं काठावर कमी-जास्त होतात, ती या रेषेखाली जातात.

एकेरी-दुहेरीचं उत्तर गावावर अवलंबून आहे. गुनबलान्याला बरेच कलाकार एकाच दिशेच्या समांतर रेघा घेतात, त्याची मुळं शैलचित्रांत आहेत. मनिंग्रिडा गावाच्या बाजूचे कुनिंज्कु कलाकार दुहेरी जाळी करतात : आधी एका दिशेच्या रेघा, त्या वाळल्यावर तिरक्या छेदणाऱ्या, बहुधा दुसऱ्या रंगात. ही जाळी मार्दायिन नावाच्या विधीत अंगावर रंगवायच्या आकृत्यांतून आली आहे. म्हणून तिच्यामागे हक्काचा प्रश्न जास्त कडक आहे. त्याबद्दल जाणकारांनी लिहावं.

दुहेरी जाळीत बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने : छेद काटकोनात घेतला जातो. मग ते जाळीदार कापड दिसतं. कोन लहान ठेवला की समभुज चौकोन लांबट होतात आणि दुरून पाहताना पृष्ठभाग थरथरतो. योल्ङु लोक या थरथरीला, झळाळीला बिरयुन म्हणतात, आणि चित्रातलं पूर्वजांचं सामर्थ्य त्या झळाळीतच प्रकट होतं असं मानतात. रेघा बारीक आणि समान काढण्याचा एवढा अट्टहास त्यासाठी आहे.

हद्दीचा_दगड

हक्काबद्दल लिहितो. मूळ प्रश्नातला हा तिसरा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

आर्नहेम लँडमध्ये सगळं जग दोन अर्ध्यांत विभागलं आहे. पूर्वेला त्यांना धुवा आणि यिरित्जा म्हणतात, पश्चिमेला दुवा आणि यिरिज्जा. माणूस, जमीन, वारा, प्राणी, रंगाची खाण, प्रत्येक गोष्ट यांपैकी एकात मोडते. त्याच्या आत कुळं, प्रत्येक कुळाच्या ठरावीक जागा, त्या जागांच्या कथा आणि त्या कथांच्या आकृत्या. आकृती हा त्या जागेच्या मालकीचा लेख आहे. १९६३ साली यिर्कालाच्या योल्ङु लोकांनी बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या संसदेत अर्ज दिला तेव्हा त्यांनी टंकलिखित मजकूर सालीवर चिकटवला आणि भोवती आपल्या कुळांच्या आकृत्या रंगवल्या. सह्यांच्या जोडीला त्या आकृत्या हक्काचा लेख म्हणून होत्या.

वारलीत लग्नचौक कोण लिहिणार हे ठरलेलं असतं, सवाशिणींचा तो मान. तो हक्क समजणाऱ्याला ही गोष्ट समजायला जड जाऊ नये. इथे मात्र तो आणखी बारीक वाटलेला आहे. वडिलांच्या कुळाच्या आकृत्या एका हक्काने, आईच्या कुळाच्या दुसऱ्या जबाबदारीने, आणि कधी काढायच्या याची परवानगी थोरांची. सख्ख्या शेजारच्या कुळाची आकृती तिथला माणूसही विचारल्याशिवाय काढत नाही. मग आठवडाभर आलेल्या पाहुण्याने ती उचलण्याचा प्रश्नच येत नाही.

विचारल्याशिवाय उचलल्याने काय होतं त्याची दोन उदाहरणं. १९६६ साली ऑस्ट्रेलियात दशमान चलन आलं, तेव्हा १ डॉलरच्या नोटेवर डेव्हिड मलांगी यांच्या सालीवरच्या चित्राची आकृती त्यांना न कळवता छापली गेली. ते चित्र एका पूर्वज शिकाऱ्याच्या अंत्यविधीची कथा सांगतं. बोभाटा झाल्यावर त्यांना १,००० डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं सामान देण्यात आलं. पुढे १९९४ साली व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर ॲबोरिजिनल कलाकारांच्या आकृत्या उतरवल्याचा खटला निकाली निघाला. न्यायालयाने १,८८,००० डॉलरची भरपाई ठरवली आणि पवित्र आकृती पायदळी आल्याने कलाकारांना आपल्या समाजात सोसाव्या लागणाऱ्या मानहानीचाही विचार केला.

म्हणून : तंत्र शिका. माती उगाळणं, अस्तर, तंतूंचा कुंचला, रेघ. विषय स्वतःचा घ्या किंवा शिकवणारा जो देईल तो. बहुधा ते सर्वांना मोकळे असलेले प्राणी देतात : बारामुंडी मासा (कुनविंज्कुत नामार्नकोल), कासव, लांब मानेचा पक्षी. इंद्रधनुषी सर्प, मिमी नावाचे खडकांतले आत्मे, विधीच्या दुहेरी जाळ्या, हे त्यांनी स्वतःहून सांगितल्याशिवाय काढू नये.

शाईपेन

सरावासाठी, कुठेही न दाखवता, घरच्या घरी प्रसिद्ध कलाकाराचं चित्र उतरवलं तरी चालणार नाही का? आपल्याकडे नक्कल करूनच शिकतात.

हद्दीचा_दगड

@शाईपेन, घरातल्या वहीत काय काढता याची कोणी तपासणी करत नाही. अडचण अशी की अशा नकला फोटो होऊन बाहेर पडतात, मग कोणी त्या कुशनवर छापतं. शिवाय शिकण्याच्या दृष्टीनेही त्यात लाभ कमी आहे. मूळ चित्रात कोणता पट्टा कुठे वळतो याचं कारण त्या जागेच्या भूगोलात असतं, एखादा झरा, एखादा खडक. ते ठाऊक नसताना उतरवलेली जाळी नुसता नमुना उरते. पट्ट्यांचा सराव करा, त्यात हात तयार होतो आणि कोणाचं काही उचललं जात नाही.

आणि विकण्याचा प्रश्न येतो तिथे उत्तर सरळ आहे : या शैलीत काढलेलं काम ॲबोरिजिनल कला म्हणून विकू नये, तसं भासवूही नये. २०१९ साली इंडोनेशियात बनवलेल्या वस्तू ॲबोरिजिनल म्हणून विकल्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या संघराज्य न्यायालयाने एका कंपनीला २३ लाख डॉलर दंड केला आहे.

डार्विनची_हवा

व्यवहाराचं लिहिते.

गुनबलान्या डार्विनपासून सुमारे ३०० किलोमीटर पूर्वेला, ककाडू राष्ट्रीय उद्यानाच्या पलीकडे. तिथे जाण्यासाठी नॉर्दर्न लँड कौन्सिलचा परवाना लागतो, आधी अर्ज करा. रस्त्यात ईस्ट ॲलिगेटर नदीवर काहिल्स क्रॉसिंग हा सखल, पाण्याखाली जाणारा पूल आहे. भरती-ओहोटीने त्यावरचं पाणी चढतं-उतरतं, म्हणून भरतीचं वेळापत्रक बघून ओहोटीलाच ओलांडायचा, आणि उंच चाकांची चारचाकी घ्यायची. पाण्यात मगरी असतात, काठावर उभं राहून पाय धुवायचा विचारही करू नका. पावसाळ्यात रस्ता बंद होतो. आर्नहेम लँडमध्ये दारू नेण्यावर निर्बंध आहेत.

भारतातून कोणी येणार असेल तर गेरूचे खडे, माती, साल, गवत, बांबूच्या कच्च्या काड्या सामानात आणू नका. ऑस्ट्रेलियाच्या जैवसुरक्षा नियमांत माती आणि वनस्पतीजन्य वस्तू अडवल्या जातात. जे असेल ते विमानतळावर घोषित करावं. मातीचे रंग तिथलेच वापरायचे, तसंही तेच योग्य. यिर्कालाच्या बुकु-लार्ङ्गाय कला केंद्राचा दंडकच आहे : जमीन रंगवायची तर जमिनीतलंच साहित्य वापरायचं. तिथल्या काही कलाकारांनी तो ताणून त्या भूमीवर पडलेले पत्रे, छपाईयंत्राच्या टाकलेल्या शाईच्या डब्यांतली किरमिजी शाई अशा वस्तूही वापरल्या आहेत, कारण त्याही त्या जमिनीवरच सापडलेल्या. विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

शिकवणीचे पैसे कला केंद्रामार्फत द्या, दर त्यांच्याकडून आधी लेखी घ्या. ही केंद्रं बहुतेक ठिकाणी स्थानिक समाजाच्या मालकीची असतात. एखादा मृत्यू झाला तर गाव शोकविधीत जातं आणि सगळं थांबतं, कधी दोन दिवस, कधी जास्त. आठवड्यातले निदान दोन दिवस मोकळे ठेवा. अशा वेळी परतीच्या तिकिटाची घाई तिथे बोलून दाखवू नये. मृत व्यक्तीचं नाव घेणं टाळतात, फोटोही झाकतात. कोणाच्या वडिलांबद्दल, गुरूबद्दल विचारताना नाव न घेता नात्याने विचारा.

शिकवण्याची रीत आपल्या क्लासासारखी नसते. बोलून समजावणं कमी, शेजारी बसून बघणं जास्त. पहिला दिवस बहुधा माती उगाळण्यात आणि बघण्यात जातो. "हे का, ते का" असे लागोपाठ प्रश्न विचारले तर उत्तर मिळेलच असं नाही, काही गोष्टी सांगण्याचा अधिकार समोरच्याला नसतोही. त्याने गप्प राहणं हेच उत्तर समजा. तुम्हाला तिथे बलांडा म्हणतील, म्हणजे बाहेरचा माणूस. इंडोनेशियातल्या मकासारहून सागरी काकडी (एक समुद्री जीव) गोळा करायला येणारे व्यापारी डच लोकांना या शब्दाने ओळखत, त्यांच्याकडून तो आला. स्थानिक लोक स्वतःला बिनिंज म्हणतात.

गेरूचा_हात

आठवड्यात काय जमेल याचं उत्तर राहिलं. घरून महिन्याभराचा सराव करून गेलात तर हातभर कागदावर एक मासा, एकेरी रार्कसह, पूर्ण होतो. रोज चार-पाच तासांच्या वर बसू नका. डोळे थकले की रेघांमधलं अंतर नकळत वाढत जातं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चित्रात दोन वेगळ्या हातांचं काम दिसतं. माशाचा एक भाग एका बैठकीत संपवा, अर्धा भाग उद्यावर टाकू नका. उद्याचा रंग कधीच तंतोतंत आजच्यासारखा उगाळला जात नाही.

चुकलेली रेघ पुसू नका. ओल्या कपड्याने पुसली की अस्तर निघतं. वाळू द्या, मग अस्तराच्याच रंगाच्या बारीक रेघेने झाका.

पाणथळ

शेवटचा प्रश्न. तिथून एक सालीवरचं चित्र विकत घ्यायचं आहे, आणि नंतर ते पुण्याला आईकडे जायचं आहे. कसं जपावं?

लाल_माती

घेताना कला केंद्रातूनच घ्या. कलाकाराचं नाव, कूळ, गाव, कथेचा सांगण्याजोगा भाग आणि वर्ष लिहिलेलं प्रमाणपत्र मिळतं, ते चित्रासोबतच ठेवा. पुढे कधी १,००० डॉलर किंवा अधिक किमतीला ऑस्ट्रेलियात पुनर्विक्री झाली तर २०१० पासूनच्या कायद्याप्रमाणे कलाकाराला ५ टक्के जातात, त्यासाठी ही नोंद लागते. साल भारतात नेण्याचे नियम पाठवण्याआधी तपासा.

साल हवेतली ओल पिते आणि सोडते, रंगाचा थर तसं करत नाही. दोघांच्या ओढाताणीत रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून ओल कमी-जास्त होणार नाही अशी जागा बघा, ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता उत्तम. पुण्यात मार्च-मे कोरडा आणि जुलै-ऑगस्ट दमट, हा फरकच त्रासदायक. बाहेरच्या भिंतीवर नको, पावसात तिला ओल येते. एसीच्या झोतात नको, स्वयंपाकघराशेजारी नको, थेट उन्हात नको.

साल कधीही फळीवर चिकटवून किंवा खिळ्यांनी ठोकून सपाट करू नका. ती आकसली की खिळ्यापासून उभी तडकते, तंतूंच्या दिशेने. मागे धातूची हलकी चौकट आणि कडांना मऊ अस्तर लावलेल्या पट्ट्या असा आधार द्या, सालीला हलायला दोन-तीन मिलिमीटर जागा ठेवा. थोडा बाक राहिला तर राहू द्या. काच लावायची तर रंगाला टेकणार नाही एवढी दूर. धूळ झटकायला फक्त मऊ, कोरडा, रुंद कुंचला, तोही रंग घट्ट असल्याची खात्री झाल्यावर. ओला कपडा नाही, वॉर्निश तर नाहीच. वर्षातून एकदा उतरवून मागची बाजू बघा. बारीक भुसा पडलेला दिसला तर कीड लागली आहे. मग चित्र प्लॅस्टिकमध्ये बंद करून बाजूला ठेवा आणि संग्रहालयातल्या जतनकाराला विचारा. कीटकनाशक फवारू नका, त्याने रंगावर डाग पडतात.